टर्मिनलमधून वेब वाचायचं? आधी टर्मिनल, मग ब्राउझर

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात मी शनिवार-रविवारी मुलांना लिनक्स शिकवते. संगणक जुने, दोन जीबी रॅमचे, कुणीकुणी दिलेले. नेहमीच्या ब्राउझरमध्ये तीन पानं उघडली की यंत्र अडतं. त्यात जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्या मुलांना जून ते सप्टेंबर नेट कधी मिळतं, कधी नाही. अशा वेळी फक्त मजकूर दाखवणारे, टर्मिनलमध्ये म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत चालणारे ब्राउझर फार उपयोगी पडतात. पण शिकवलेलं घरी जाऊन केलं की सोमवारी फोन ठरलेले: "मॅडम, नुसते चौकोन दिसालेत." "क्यू दाबलं तरी बंद होईना झालंय." "पान आलं पण आत काहीच नाही."

यातल्या बहुतेक चुका ब्राउझर उघडण्याच्या आधीच झालेल्या असतात. टर्मिनलला मराठी दाखवायची तयारी नसते, घड्याळ चुकलेलं असतं, कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, आणि मुलं ब्राउझर काढून पुन्हा बसवत राहतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आज्ञा कशा वाचायच्या तेही सांगते. इथे त्या वर्गात फळ्यासमोर म्हणून दाखवते तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लहान अक्षरांत टंकायच्या, आकडेसुद्धा रोमनच. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे "मोठा" असं सांगितलं आहे. "मोठा बी" म्हणजे शिफ्ट धरून बी.

## टप्पा १: काम कोणतं आहे ते आधी ठरवा

मजकुरी ब्राउझर पानातला मजकूर, दुवे आणि साधे फॉर्म दाखवतो. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येणारा छोटा प्रोग्रॅम, तो चालवत नाही, आणि आजच्या बऱ्याच संकेतस्थळांचा मजकूर जावास्क्रिप्ट चालल्यावरच पानात येतो. ती स्थळं इथे रिकामी दिसतात, त्यात तुमची चूक नसते.

चांगलं चालतं: मराठी आणि कानडी विकिपीडिया, विकिस्रोत, साधे ब्लॉग, प्रोग्रॅमिंगची दस्तऐवजं, लिनक्सची मदतपानं, आणि ज्या महाविद्यालयांची स्थळं जुन्या साध्या पद्धतीची आहेत त्यांची परिपत्रकं.

यासाठी वापरू नका: बँक, रेल्वेचं तिकीट, "भूमी" या कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या स्थळावरची पहाणी (जमिनीचा उतारा), "सेवासिंधू" या सरकारी सेवांच्या स्थळावरचे अर्ज, परीक्षेची फी. अर्धवट गेलेला अर्ज आणि अर्धवट कापलेले पैसे निस्तरणं फार त्रासाचं असतं. त्या कामाला नेहमीचाच ब्राउझर वापरा.

## टप्पा २: टर्मिनलला मराठी शिकवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेकदा याच टप्प्यात सापडतं.

पहिली गोष्ट, कुठे बसला आहात ते पाहा. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून येणारा पूर्ण काळा पडदा हा लिनक्सचा कन्सोल. त्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं घडवायची सोय त्यात नाही. तिथे देवनागरी किंवा कानडी वाचायचा हट्ट धरू नका. डेस्कटॉपवर परत या आणि खिडकीतलं टर्मिनल उघडा.

आता लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांच्या संकेतनाचं सेटिंग, पाहायला ही आज्ञा द्या:

लोकेल चारमॅप

उत्तर "यूटीएफ-८" (आपल्या लिप्याही सामावणारं संकेतन) असं आलं तर ठीक. दुसरं काही आलं तर तुमचं टर्मिनल सत्र मराठी अक्षरांचे बाइट ओळखणार नाही. तात्पुरता उपाय:

एक्स्पोर्ट लँग=सी.यूटीएफ-८

इथे लँग, सी आणि यूटीएफ ही तिन्ही मोठ्या अक्षरांत, आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. कायमचा उपाय डेबियन-उबुंटूवर असा (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने):

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स

यादीतून भारतीय इंग्रजीचा किंवा मराठीचा यूटीएफ-८ पर्याय स्पेस दाबून निवडा, पुढच्या पडद्यावर तोच मूळ म्हणून ठेवा, मग लॉगआउट करून परत या. लॉगआउट विसरणारे पुष्कळ. उघड्या टर्मिनलला नवा बदल कळत नाही. आणि एलसी_ऑल नावाची किंमत आधीच कुठे भरून ठेवलेली असेल तर ती लँगला दाबून टाकते. तसं वाटलं तर नुसतं "लोकेल" ही आज्ञा देऊन शेवटची ओळ पाहा. ती रिकामी असायला हवी.

दुसरी गोष्ट फॉन्ट. आपल्याकडे एका लिपीवर भागत नाही, शाळेची सूचना मराठीत असली तरी तालुक्याचं परिपत्रक कानडीत येतं. म्हणून दोन्ही एकदम बसवा:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा फॉन्ट्स-लोहित-केएनडीए

देवा म्हणजे डी-ई-व्ही-ए. बसवून झालं की टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडा.

तपासा: टर्मिनलमध्ये "इको" लिहून पुढे अवतरणात हे शब्द द्या: क्षेत्र, ज्ञानेश्वरी, कीर्तन, पुऱ्या, बेळगाव. त्यानंतर कानडी लिपीतला एखादा शब्द. काय दिसतं त्यावरून रोग ओळखा.

चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं दिसली तर लोकेल चुकलं आहे. डोक्यावर परदेशी चिन्हं घेतलेली रोमन अक्षरं रांगेने दिसली तर यूटीएफ-८ मजकूर दुसऱ्याच संकेतनात वाचला जातो आहे. आणि अक्षरं ओळखीची असूनही वेलांटी भलत्या बाजूला, रफार सुटा किंवा जोडाक्षराच्या मध्ये हलन्त उघडा दिसत असेल तर फॉन्ट आणि लोकेल दोन्ही बरोबर आहेत. दोष टर्मिनल प्रोग्रॅमचा आहे, त्याला जोडाक्षर घडवता येत नाही.

हा शेवटचा प्रकार लोकांना फार फिरवतो. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला एक चौकट देतं. आपलं "क्षे" चार संकेतांचं मिळून एक अक्षर होतं. त्या चौकटींचा आणि आपल्या लिपीचा मेळ बसत नाही. यावर एमएलटर्म हे टर्मिनल बसवून पाहा, ते भारतीय लिप्यांचा विचार करून बनवलेलं आहे. त्यातही नीट जमलं नाही तर घाबरू नका: पडद्यावर फुटलेलं अक्षर फाइलमध्ये फुटलेलं नसतं. टप्पा ७ मध्ये पान फाइलमध्ये उतरवून साध्या मजकूर-संपादकात वाचायची रीत दिली आहे. माझे अर्धे विद्यार्थी तेच करतात.

## टप्पा ३: घड्याळ पाहा

हा टप्पा दोन मिनिटांचा, पण वगळला तर दुपार जाते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. वीज गेली, यंत्र बंद पडलं, की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि तुमचं यंत्र मागच्या काळात असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून निघालेलंच नसतं.

डेट

ही आज्ञा द्या आणि दिवस, वर्ष, वेळ तिन्ही नीट वाचा. चूक असेल तर डेस्कटॉपच्या सेटिंगमधून दुरुस्त करा. सोबत प्रमाणपत्रांचा संच आहे याची खात्री करा:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीए-सर्टिफिकेट्स

सावध: प्रमाणपत्र चुकीचं आहे, पुढे जाऊ का, असा प्रश्न ब्राउझरने विचारला तर "वाय" दाबायची सवय लावून घेऊ नका. आधी घड्याळ पाहा. घड्याळ बरोबर असूनही प्रश्न येत असेल तर ते पान सोडून द्या.

## टप्पा ४: ब्राउझर बसवा, दोनच

नावांचा घोळ इथे होतो. लिंक्स असा उच्चार होणारे दोन वेगळे ब्राउझर आहेत. एक एल-वाय-एन-एक्स, दुसरा एल-आय-एन-के-एस. आम्ही वर्गात त्यांना वायचा लिंक्स आणि आयचा लिंक्स म्हणतो. त्यांच्या कळा वेगळ्या, सेटिंग वेगळं. एकाची माहिती वाचून दुसऱ्यावर प्रयोग करणं ही नेहमीची चूक. ई-लिंक्स हा आयच्या लिंक्सच्या कुळातला तिसरा.

सुरुवातीला डब्ल्यू३एम आणि वायचा लिंक्स एवढे दोन पुरेत. डब्ल्यू३एम तक्ते चांगले मांडतो, मूळ पानाची ठेवण बऱ्यापैकी राखतो. वायचा लिंक्स दुव्यांची यादी काढून द्यायला उत्तम, आणि बाणांच्या कळांवर सगळा चालतो म्हणून नवख्याला सोपा.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल डब्ल्यू३एम लिंक्स

इथे लिंक्स वायचा. विंडोजवर असाल तर प्रशासकाच्या अधिकाराने पॉवरशेल उघडून "डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल" द्या, यंत्र पुन्हा सुरू करा, आणि मग आत उबुंटूमध्ये वरचीच आज्ञा. मोबाइलवर टर्मक्स हे ॲप एफ-ड्रॉइडवरून घ्या, आणि तिथे "पीकेजी इन्स्टॉल डब्ल्यू३एम". टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलसारखं चालतं, एस्केप आणि टॅब वरच्या जादा पट्टीवर मिळतात.

तपासा: "डब्ल्यू३एम -व्हर्जन" आणि "लिंक्स -व्हर्जन" दोन्हींना उत्तर यायला हवं. आज्ञा सापडली नाही असं आलं तर बसवतानाची शेवटची ओळ परत वाचा. बहुतेकदा मध्येच नेट गेलेलं असतं.

## टप्पा ५: पहिलं पान

नुसतं डब्ल्यू३एम टंकून एंटर मारला की वापराची लांबलचक यादी येते आणि मुलांना वाटतं बिघाड झाला. बिघाड नाही. त्याला कुठे जायचं ते सांगितलेलं नाही. पत्ता सोबत द्या, आणि पहिल्यांदा सगळ्यात साधं पान उघडा:

डब्ल्यू३एम एचटीटीपीएस://एक्झाम्पल.कॉम

हे पान उघडलं तर नेट, घड्याळ, प्रमाणपत्र तिन्ही बरोबर आहेत. त्यानंतरच मराठी विकिपीडिया:

डब्ल्यू३एम एचटीटीपीएस://एमआर.विकिपीडिया.ऑर्ग

एमआरच्या जागी के-एन टाकलं की कानडी. पत्त्याचा पुढचा "एचटीटीपीएस://" भाग गाळू नका. नाहीतर डब्ल्यू३एम त्या नावाची फाइल आधी तुमच्याच यंत्रात शोधायला जातो.

वसतिगृहाच्या किंवा लॉजच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान यावं लागतं. सुरक्षित पत्ता मागितला तर ते पान येत नाही, नुसती चूक दिसते. अशा वेळी "एचटीटीपी://नेव्हरएसएसएल.कॉम" मागा, एस न लावता. लॉगिनचं पान साधं असेल तर इथेच भरता येतं.

सावध, पत्त्यात प्रश्नचिन्ह किंवा अँडचं चिन्ह असेल तर: पूर्ण पत्ता एकेरी अवतरणात घाला. अवतरण नसेल तर अँडचं चिन्ह पाहून शेलला, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, वाटतं आज्ञा संपली, ती मागे चालू दे. मग पत्ता अर्धाच जातो, भलतं पान येतं, आणि दोष संकेतस्थळाला दिला जातो.

मराठी लेखाचा पत्ता डकवला की तो लांबलचक टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला दिसतो, त्यानेही दचकू नका. "बेळगाव" हा शब्द सहा संकेतांचा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट म्हणजे अठरा, आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणून सहाचे चोपन्न होतात. तो तसाच ठेवा, हाताने दुरुस्त करायला जाऊ नका.

## टप्पा ६: कळा, आणि कीबोर्ड कुठल्या भाषेवर आहे

"क्यू दाबलं तरी बंद होईना" याचं कारण माझ्या वर्गात जवळजवळ नेहमी एकच निघतं: कीबोर्ड मराठीवर राहिलेला. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत क्यूच्या जागी औकाराची मात्रा आहे, डब्ल्यूच्या जागी ऐकार. तुम्ही क्यू दाबता, ब्राउझरला औकार मिळतो, त्याला त्याचा काही अर्थ माहीत नाही. आपल्याकडे एका यंत्रावर इंग्रजी, मराठी, कानडी अशा तीन मांडण्या असतात, त्यामुळे हे हटकून होतं. आज्ञेसाठी इंग्रजी, मजकुरासाठी मराठी. वरच्या पट्टीतलं भाषेचं चिन्ह पाहायची सवय लावा. कॅप्सलॉकही बंद ठेवा, कारण डब्ल्यू३एमला लहान आणि मोठं अक्षर वेगळं कळतं.

डब्ल्यू३एममध्ये एवढ्या कळा हाताला बसवा. टॅबने पुढचा दुवा, एंटरने आत, मोठा बी दाबला की मागे. स्पेसने पान खाली, लहान बीने वर. मोठा यू दाबून नवा पत्ता. तिरकी रेघ दाबून शोध, लहान एनने पुढचा सापडलेला शब्द. लहान क्यू विचारून बंद करतो, मोठा क्यू न विचारता. मोठा एच दाबला की सगळ्या कळांची यादी. खुणेसाठी, म्हणजे बुकमार्कसाठी, एस्केप दाबून सोडायचं आणि मग ए दाबायचा. खुणा पाहायच्या तर एस्केप, मग बी. एस्केप धरून ठेवू नका, दाबून सोडा.

वायच्या लिंक्सचं वेगळं आहे. वर-खाली बाणांनी दुवे बदलतात, उजव्या बाणाने आत, डाव्याने मागे. पत्त्यासाठी जी, डाउनलोडसाठी डी, पान यायला फार वेळ लागत असेल तर ते थांबवायला झेड. डब्ल्यू३एममध्ये थांबवायला कंट्रोल-सी.

मराठी पानावर वरखाली जाताना मागच्या ओळीतल्या मात्रा पडद्यावर चिकटून राहतात. अक्षराची रुंदी ब्राउझर एक मोजतो, टर्मिनल दुसरी. कंट्रोल-एल दाबा, पडदा पुन्हा आखला जातो. दोन्ही ब्राउझरांत हीच कळ.

पानातला मराठी शब्द सापडत नसेल तर तो दोन प्रकारे लिहिला जात असण्याची शक्यता आहे. "ॲ" हे एक अक्षर म्हणूनही लिहितात आणि अ वर चंद्र देऊनही. "पुऱ्या"तला र सुद्धा दोन रीतींनी टंकला जातो. डोळ्याला सारखं, यंत्राला वेगळं. असा शब्द शोधताना त्यातला निर्धोक तुकडाच द्या: "ॲप्लिकेशन" ऐवजी "प्लिकेशन".

### शोध आणि फॉर्म

गूगलचा शोध आता जावास्क्रिप्टशिवाय चालत नाही. त्यावर डोकेफोड करण्यापेक्षा डकडकगोची हलकी आवृत्ती वापरा:

डब्ल्यू३एम एचटीटीपीएस://लाइट.डकडकगो.कॉम/लाइट

डब्ल्यू३एममध्ये शोधाच्या रकान्यावर टॅबने जा, एंटर दाबा, पडद्याच्या तळाला टंकायची ओळ उघडते. मराठीत टंका, एंटर दाबा, मग टॅबने बटणावर जाऊन पुन्हा एंटर. रकान्यावर उभं राहून थेट टंकायला सुरुवात करू नका, ती अक्षरं आज्ञा समजली जातात. वायच्या लिंक्सचं बरोब्बर उलटं. तिथे रकान्यावर गेलात की टंकलेलं थेट आत पडतं. म्हणून रकान्यात असताना क्यू दाबलं तर "क्यू" अक्षर लिहिलं जातं. आधी खालच्या बाणाने बाहेर या, मग क्यू.

## टप्पा ७: पान उतरवून ठेवा

माझ्या मते या साधनाचा खरा लाभ इथे आहे. बेळगावात किंवा खानापुरात नेट मिळालं की वाचायचं ते उतरवून घ्यायचं आणि पावसात घरी बसून निवांत वाचायचं. मलप्रभेच्या उगमाकडच्या गावांतली मुलं पावसाळाभर असंच करतात. चित्रं, जाहिराती, व्हिडिओ काही येत नाही, त्यामुळे फाइल इतकी लहान होते की पूर्ण धड्याच्या टिपणांना कुणाच्याही पेनड्राइव्हवर जागा मिळते.

डब्ल्यू३एम -डम्प -कॉल्स ७२ 'पत्ता' > धडा०१.टीएक्सटी

७२ म्हणजे ओळीची रुंदी. मोबाइलवर वाचायचं असेल तर ४० ठेवा. दुव्यांचे पत्तेही हवे असतील तर वायचा लिंक्स:

लिंक्स -डम्प 'पत्ता' > धडा०१.टीएक्सटी

तो प्रत्येक दुव्याला क्रमांक देऊन तळाशी पत्त्यांची यादी जोडतो. यादी नको असेल तर "-नोलिस्ट", फक्त यादी हवी असेल तर "-लिस्टओन्ली". पन्नास परिपत्रकांच्या पानावरून पीडीएफचे पत्ते काढायचे असतील तेव्हा शेवटचा पर्याय तासाभराचं काम वाचवतो.

सावध: एक बाणचिन्ह जुनी फाइल पुसून नवी लिहितं, काही न विचारता. दोन बाणचिन्हं जुन्याच्या खाली जोडतात. परीक्षेच्या आदल्या रात्री एका मुलीने अकरा धडे एकाच नावाने उतरवले, हातात शेवटचा एकच राहिला. प्रत्येक फाइलला वेगळं नाव द्या, आणि आकडा दोन अंकी ठेवा म्हणजे क्रम बिघडणार नाही.

तपासा, नेट हाताशी असेपर्यंतच: घरी गेल्यावर उघडून पाहू असं करू नका. आधी शब्द मोजा:

डब्ल्यूसी -डब्ल्यू *.टीएक्सटी

शून्य किंवा पाच-पन्नास शब्दांची फाइल म्हणजे धडा आलेला नाही. मग जावास्क्रिप्टची सूचनाच धडा म्हणून उतरली का ते पाहा:

ग्रेप -आयएल जावास्क्रिप्ट *.टीएक्सटी

ज्या फाइलींची नावं येतील त्या एकेक उघडा. प्रोग्रॅमिंगच्या धड्यात तो शब्द सहजच येणार, तिथे काळजी नको. पण फाइलभर तेवढंच वाक्य असेल तर ते पान या साधनाने मिळणार नाही. वाचनालयातल्या चांगल्या यंत्रावर नेहमीच्या ब्राउझरमधून ते जतन करून घ्या.

मोबाइलवर टर्मक्समध्ये उतरवलेली फाइल दुसऱ्या ॲपला दिसत नाही. एकदाच "टर्मक्स-सेटअप-स्टोरेज" देऊन परवानगी द्या, मग फाइल "स्टोरेज" मधल्या "डाउनलोड्स" फोल्डरमध्ये कॉपी करा. तिथून कुठल्याही वाचनाच्या ॲपमध्ये जोडाक्षरं नीट दिसतात.

## टप्पा ८: परिपत्रकं, पीडीएफ आणि जुने फॉन्ट

दुव्यामागे पीडीएफ असेल तर त्यावर एंटर मारू नका. डब्ल्यू३एममध्ये दुव्यावर उभं राहून लहान ए दाबा, तो फाइल जतन करतो. लिंक्समध्ये डी. मग:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॉपलर-युटिल्स
पीडीएफटूटेक्स्ट -लेआउट सूचना.पीडीएफ

यातला "टू" म्हणजे टी-ओ, आकडा नव्हे. मजकुराची फाइल त्याच नावाने तयार होते. ती उघडल्यावर तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

मजकूर नीट असेल तर काम झालं.

अर्थहीन रोमन अक्षरांची गर्दी असेल तर ती पीडीएफ जुन्या फॉन्टमध्ये बनलेली आहे. मराठीत श्रीलिपी, कानडीत नुडी किंवा बरहा यांच्या जुन्या पद्धतीत यंत्राला रोमन संकेतच ठाऊक असतात, फॉन्ट त्यांना आपल्या अक्षरांचा वेश चढवतो. टर्मिनलमध्ये तो वेश उतरतो. लोकेल बदलून, फॉन्ट बसवून हे सुटत नाही, कारण मजकुरात देवनागरी किंवा कानडी मुळात नाहीच. जुन्या संकेतस्थळांच्या पानांनाही हेच लागू.

फाइल रिकामी असेल तर ते कागदाचं छायाचित्र आहे. जुना फॉन्ट असो की छायाचित्र, दोन्हींवर एकच वाट: पानाचं चित्र करून त्यातून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने अक्षरं वाचायची.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर टेसरॅक्ट-ओसीआर-केएएन
पीडीएफटूपीपीएम -आर ३०० -पीएनजी सूचना.पीडीएफ पान
टेसरॅक्ट पान-१.पीएनजी उत्तर -एल केएएन+एमएआर

पीडीएफ थेट टेसरॅक्टला देणं ही इथली नेहमीची चूक. तो चित्रं वाचतो, पीडीएफ नाही. पानं दहा किंवा त्याहून जास्त असतील तर चित्राच्या नावात ०१ येतं, तेव्हा आधी "एलएस" देऊन नाव पाहा. ३०० पेक्षा कमी बारकाव्याला मात्रा आणि अनुस्वार गळतात. आणि जे निघेल त्यातले आकडे, तारखा आणि फीची रक्कम मूळ चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय कुणाला सांगू नका. ३ आणि ६, १ आणि ९ यांची अदलाबदल मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि अर्जाची शेवटची तारीख चुकली तर मुलाचं वर्ष जातं.

## टप्पा ९: दुसऱ्याच्या यंत्रावर असाल तर उठण्याआधी

डब्ल्यू३एम आपला इतिहास, कुकी आणि खुणा घरच्या फोल्डरमधल्या ".डब्ल्यू३एम" नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. नुसत्या एलएसने तो दिसत नाही, "एलएस -ए" द्यावं लागतं. खुणा हव्या असतील तर त्यातली "बुकमार्क.एचटीएमएल" ही फाइल आधी पेनड्राइव्हवर घ्या. आज्ञा देण्याआधी फोल्डरचं नाव अक्षर-अक्षर तपासा, मग:

आरएम -आर ~/.डब्ल्यू३एम

पुढचा बिंदू आणि नागमोडी रेघेनंतरची तिरकी रेघ यांच्यामध्ये चुकून जागा पडली तर पूर्ण घरचा फोल्डर पुसण्याची आज्ञा होते. आणि पुसलेलं परत येत नाही. हात थरथरत असेल तर टंकू नका, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा आणि तिथून माउसने काढा.

टर्मिनलमध्ये दिलेले पत्तेही शेलच्या इतिहासात राहतात. "हिस्टरी -सी" आणि लगेच "हिस्टरी -डब्ल्यू" द्या. पहिली आज्ञा फक्त चालू सत्राची आठवण पुसते, फाइलमधले जुने पत्ते पुसते ती दुसरी. मग वरचा बाण दाबून पाहा. त्या शेवटच्या आज्ञेशिवाय काही आलं नाही तर खुर्ची पुढच्याला द्या.